निरोप देणाऱ्यांची तयारी

११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबईत उतरले. नॉटबरोबर त्याची पत्नी रोक्साना होती. घर सोडून त्यांना वर्ष होत आले होते. मुंबई मात्र त्यांच्या मूळ बेतात नव्हतीच. त्यांना पाठवणाऱ्या मंडळाच्या डोळ्यांसमोर ब्रह्मदेश होता, आणि तेही पक्के नव्हते. आशियात जिथे दार उघडेल तिथे बस्तान बसवा, अशी मोघम मुभा त्यांना होती. कलकत्त्याला पोचताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम बजावला. त्या हुकमाला चुकवत ते मुंबईला आले, आणि पुढे ज्याला सगळे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणू लागले त्या कामाची सुरुवात अशी झाली. मराठी शाळा, मराठी छापखाना, मुलींचे शिक्षण, १८४२ सालचे ‘ज्ञानोदय’ हा सारा पसारा ज्या मिशनशी जोडला जातो, त्याच्या पहिल्या माणसांनी निघताना मराठीचा विचारसुद्धा केलेला नव्हता. म्हणून त्यांची कथा सांगताना ‘धाडसी पण बेसावध तरुण’ असे चित्र रंगवण्याची रीत पडली आहे. ती अर्धवट आहे. तयारी भरपूर झाली होती, चांगली चार-पाच वर्षे चालली होती. फक्त ती जिथे जायचे त्या देशासाठी झाली नाही, जे घर मागे राहणार होते त्यासाठी झाली. माझ्या मते ते मिशन टिकले ते याच तयारीमुळे, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या उणिवेचे मूळही तिथेच आहे.

सुरुवात १८०६ च्या ऑगस्टमधली. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला विल्यम्स कॉलेजात शिकणारे पाच विद्यार्थी पावसापासून बचाव करायला गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि तिथे त्यांनी आशियात धर्मप्रसाराला जाण्याची प्रार्थना केली. अमेरिकन चर्चच्या इतिहासात ही गंजी आता जवळजवळ तीर्थासारखी झाली आहे. मला त्या गंजीपेक्षा १८०८ मध्ये झालेली पुढची गोष्ट अधिक बोलकी वाटते. त्या पाचांतल्या सॅम्युअल मिल्सने आणि त्याच्या सोबत्यांनी एक मंडळी स्थापन केली आणि ती गुप्त ठेवली. तिची घटना सांकेतिक लिपीत लिहिली होती. परदेशी मिशनवर जाण्याच्या आड येईल असे कोणतेही बंधन असलेल्याला तिथे प्रवेश नव्हता. चांगले, धार्मिक काम करायला निघालेल्या मुलांना लपवाछपवी कशाला लागावी? त्यांना भीती कंपनी सरकारची नव्हती, परक्या देशातल्या लोकांचीही नव्हती. भीती होती ती घरच्यांची: आईवडील, प्राध्यापक, गावचे पाद्री. वेडगळपणा म्हणून सगळ्यांनी हसून सोडून दिले तर कल्पना जन्मतःच मरेल, हे त्यांनी ओळखले होते. अडथळा समुद्रापलीकडे नसून अंगणातच आहे याची जाण तयारीच्या पहिल्या पावलापासून होती.

हीच जाण दोन वर्षांनी आणखी स्पष्ट दिसते. यांच्यातले काही जण आता अँडोव्हरच्या नव्या धर्मशिक्षण सेमिनरीत आले होते आणि त्यांना अॅडोनायरम जडसनसारखे नवे साथी मिळाले होते. जून १८१० मध्ये ब्रॅडफर्ड या गावी राज्यातल्या पाद्र्यांची सभा भरली, तेव्हा या तरुणांनी तिथे एक अर्ज ठेवला. आम्हाला परदेशी जायचे आहे, आम्हाला पाठवणार कोण, असा त्याचा मथितार्थ होता. अर्जावर मुळात सहा नावे होती. त्यातली दोन, ल्यूथर राइस आणि जेम्स रिचर्ड्स यांची, आयत्या वेळी काढून टाकली. सहा माणसांचा खर्च म्हटल्यावर वडीलधारे बिचकतील, चारांवर कदाचित राजी होतील, असा हिशेब होता. जाणाऱ्यांची संख्यासुद्धा घराच्या पचनशक्तीवर ठरली. २९ जूनला ‘अमेरिकन बोर्ड’ म्हणून ओळखले जाणारे मंडळ जन्माला आले. पण मंडळ झाले म्हणजे पैसा आला असे नव्हे. मग जडसनला १८११ च्या आरंभी लंडनला धाडले, तिथली मिशनरी सोसायटी खर्चात वाटा उचलते का ते विचारायला. वाटेत फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाने त्याचे जहाज पकडले आणि बायोनच्या तुरुंगाची हवा खाऊन तो लंडनला पोचला. लंडनकरांचे उत्तर व्यवहारी होते: माणसे आमच्याकडे द्या, आम्ही पाठवतो, पण एका कामाला दोन धनी चालायचे नाहीत. वरकरणी ही मोहीम फसली. तिचा खरा उपयोग परतल्यावर झाला. सप्टेंबर १८११ मध्ये मंडळाच्या बैठकीत तरुणांनी निक्षून सांगितले की तुम्ही पाठवणार नसाल तर आम्ही लंडनच्या झेंड्याखाली जाऊ. स्वातंत्र्ययुद्ध संपून अजून तीस वर्षे झाली नव्हती, इंग्लंडशी पुन्हा ठिणगी पडायच्या बेतात होती. अशा वेळी आपल्या पोरांना इंग्रजांनी पोसावे, ही गोष्ट न्यू इंग्लंडच्या स्वाभिमानाला झोंबणारीच होती.

झोंबली तरी तिजोरी रिकामीच होती. जानेवारी १८१२ मध्ये बातमी आली की फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ नावाचे जहाज लवकरच कलकत्त्याला निघणार आहे. युद्धाचे ढग दाटत होते, बंदरे बंद होण्याची धास्ती होती. आता संधी हुकली तर पुढची केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. २७ जानेवारीला मंडळाच्या कार्यकारी समितीने पाठवायचे ठरवले तेव्हा हाताशी सुमारे १,२०० डॉलर होते. पुढच्या सुमारे तीन आठवड्यांत ६,००० हून अधिक डॉलर जमले. ही रक्कम कुणा एका सावकाराने दिली नव्हती. बॉस्टन परिसरातल्या बायकांनी १८०२ पासून आठवड्याला एक सेंट बाजूला टाकणाऱ्या मंडळ्या चालवल्या होत्या. लहान रकमा, नियमित, हिशेबासह गोळा करण्याचे वळण त्या भागाला दहा वर्षे आधीच लागले होते. त्या वळणाशिवाय जानेवारीची घाई फुकट गेली असती. मोठी देणगीही होती, पण तिचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सेलमच्या मेरी नॉरिस या बाईंनी मृत्युपत्रात मंडळाला ३०,००० डॉलर ठेवले होते, आणि त्यावरून वाद उभा राहिला. मंडळाला कायद्याने अस्तित्वच नसेल तर मालमत्ता घेणार कोण? म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडून सनद मिळवण्याची खटपट झाली. तिथे बेंजामिन क्राउनिनशील्ड नावाच्या सभासदाने विरोध केला: आपल्याकडे धर्माचा एवढा कुठला साठा पडून आहे की तो निर्यात करावा! त्यावर उत्तर मिळाले की हा माल असा आहे की जितका बाहेर पाठवाल तितका घरात उरतो. दोघेही बंदरातल्या माणसांच्या भाषेत बोलत होते. सेलम हे मिरी, कापड आणि मसाल्यांवर श्रीमंत झालेले गाव, त्यांना हीच उपमा सुचणार. पण त्या हजरजबाबी उत्तरात मंडळाचा सगळा युक्तिवाद येऊन जातो. परदेशी मिशनचे समर्थन घराच्या फायद्यावर उभे केले जात होते. जून १८१२ मध्ये सनद मिळाली, तेव्हा माणसे कधीच निघून गेली होती.

निघण्याआधीचा मुख्य सोहळा ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये झाला. पाच जणांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली: हॉल, नॉट, जडसन, सॅम्युअल न्यूएल आणि अर्जावरून नाव खोडले गेलेला राइस. राइसला परवानगी आयत्या वेळी मिळाली, तीही आपल्या प्रवासाचा पैसा त्याने स्वतः उभा करावा या अटीवर, आणि त्याने तो काही दिवसांत उभा केलाही. थंडी कडाक्याची होती, चर्च खच्चून भरले होते. अँडोव्हरहून विद्यार्थी सोळा मैल चालत आले होते. पाचही जण पुढे एका बाकावर बसले होते. ते बाक पुढे जपून ठेवले गेले. प्रवचन लेनर्ड वुड्स या त्यांच्याच प्राध्यापकांनी केले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या पाच तरुणांना त्या दिवशी पदवी मिळाली, बाकी काही नाही. लोकांवर काय परिणाम झाला ते मात्र वेगळे. अँडोव्हरहून पायी आलेल्या गर्दीत विल्यम गुडेल नावाचा शाळकरी पोरगा होता. अकरा वर्षांनी तो स्वतः बैरूतला गेला, आणि त्याचे उरलेले आयुष्य मुख्यतः कॉन्स्टँटिनोपलमध्ये गेले. त्या बाकावर बसलेले पाच जण दोन आठवड्यांत दिसेनासे होणार होते. तो सोहळा भरवला होता तो मागे राहणाऱ्यांसाठी.

घरोघरच्या तयारीचे रूप अधिक कठोर होते. जडसनने ब्रॅडफर्डच्या अॅन हॅसेलटाइनला मागणी घातली, तेव्हा तिचे वडील जॉन हॅसेलटाइन यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलीचा हात मागणारा तरुण सहसा आपली मिळकत, घराणे, भावी सुख यांची ग्वाही देतो. जडसनने उलटेच केले. या जगात मुलगी तुम्हाला पुन्हा दिसणार नाही, तिला समुद्राचे धोके, हिंदुस्थानचे हवामान, हालअपेष्टा, अपमान, छळ आणि कदाचित हिंसक मृत्यूही सोसावा लागेल, हे सगळे एकेक करून मांडले, आणि हे मान्य आहे का, असे विचारले. हे पत्र क्रूर म्हणायचे की प्रामाणिक? मला ते दोन्ही वाटते, पण त्याहून अधिक ते कामाचे वाटते. बापाने एकदा एवढे ऐकून घेतल्यावर पुढे कुठलीही बातमी आली तरी ‘आम्हाला फसवले’ असे म्हणण्याची वाट उरत नाही. शोक आधीच करवून घेतला जातो. अॅनच्या घरून नकार आला नाही. हेवरहिलच्या हॅरिएट ॲटवुडने विधवा आईचा निरोप घेतला आणि अठराव्या वर्षी न्यूएलशी लग्न करून ती निघाली. दोघींची लग्ने फेब्रुवारी १८१२ च्या त्याच आठवड्यात झाली. राइसच्या वाग्दत्त वधूने मात्र यायला नकार दिला. तिचे नाव या इतिहासात फारसे कुणी घेत नाही. खरे म्हणजे तिच्या नकारामुळेच बाकीच्यांच्या होकाराला किंमत आहे, कारण नाही म्हणता येत होते हे त्यातून कळते. न्यूएल आणि जडसन दांपत्ये ‘कॅरव्हान’ जहाजावर चढली. वादळी हवेमुळे जहाज बंदरातच अडकून पडले होते. ते १९ फेब्रुवारीला सुटले. हॉल, नॉट दांपत्य आणि राइस ‘हार्मनी’वरून गेले.

तयारी घरासाठीच झाली या म्हणण्यावर पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे: त्या काळी आशियाची माहितीच नव्हती, मग परदेशाची तयारी करणार कशी? पण माहिती होती. सेलमची जहाजे वर्षानुवर्षे कलकत्त्याला जात होती. तिथल्या कप्तानांनी १७९९ मध्ये आपली ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढून पूर्वेकडच्या वस्तूंचे संग्रहालयही मांडले होते. ‘कॅरव्हान’ स्वतः एक मालवाहू जहाज होते, मिशनरी त्यावरचे उतारू. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरहून इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीची वार्तापत्रे अमेरिकन धार्मिक मासिकांत छापली जात. क्लॉडियस ब्युकॅनन यांचे आशियातल्या ख्रिस्ती कामावरचे पुस्तक १८११ मध्ये निघाले आणि या मंडळींच्या वर्तुळात ते फार वाचले गेले. विशेष म्हणजे कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये छापून झाले होते. म्हणजे मराठी शिकायला साधन जगात उपलब्ध होते, शोधणाऱ्याला मिळालेही असते. पण अँडोव्हरमध्ये त्यांना ग्रीक, हिब्रू आणि कॅल्व्हिनी धर्मशास्त्र शिकवले गेले. ब्युकॅननचे पुस्तक वाचून मुले पेटून उठली. कुठल्या प्रांतात कुठली भाषा, कुठला कायदा, कुणाची परवानगी, हे प्रश्न त्यातून काढून घेण्याचा उद्योग कुणी केला नाही. कंपनीच्या मुलखात विनापरवाना पाद्र्यांना मज्जाव आहे ही काही गुप्त गोष्ट नव्हती. कॅरीलाही १७९३ मध्ये तोच त्रास झाला होता. तरीही त्या अडथळ्यासाठी वेगळी सोय न करता त्यांना पाठवले गेले. त्यातच ते निघून गेल्यावर, जून १८१२ मध्ये, अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले, आणि परवानगी नसलेले पाद्री शत्रूचे प्रजाजनही ठरले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हॉल आणि न्यूएल १८११-१२ च्या हिवाळ्यात फिलाडेल्फियाला राहून वैद्यक शिकले. ही तर थेट जाण्याच्या जागेसाठीची तयारी झाली. ती होतीच, आणि माझ्या म्हणण्याला हा खरा अपवाद आहे हे मान्य केले पाहिजे. तरीही तिचे प्रमाण पाहा: काही महिने, पाचांतले दोघे. आणि त्या काळचे वैद्यक ज्या रोगापुढे सर्वांत लंगडे पडणार होते, तोच रोग पुढे आला. १८१७ नंतर पटकीची साथ हिंदुस्थानभर पसरली. पुढे हॉलला मुंबईत येऊन मिळालेला न्यूएल १८२१ मध्ये तिथेच पटकीने गेला. हॉल १८२६ मध्ये नाशिककडे गेला असताना तिथे पटकी पसरलेली होती. त्याने जवळची औषधे लोकांना वाटली, आणि २० मार्च रोजी परतीच्या वाटेवर, एका खेड्यात, त्याच रोगाने त्याचा बळी घेतला. वय एक्केचाळीस, मुंबईत आल्याला तेरा वर्षे. फिलाडेल्फियाचे शिक्षण वाया गेले असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडे औषधे होती आणि ती त्याने वापरली, ही गोष्ट त्या शिक्षणाचीच. पण हे काम उभे राहिले त्याचे कारण त्यात सापडत नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो भाविक वाचक हमखास घेईल: या हिशेबात त्या तरुणांच्या श्रद्धेला जागा कुठे? श्रद्धेबद्दल मला शंका नाही. तिच्याशिवाय गंजीखालची प्रार्थनाही झाली नसती. प्रश्न एवढाच की एकट्या श्रद्धेने १८०६ ते १८१२ या काळात एकही माणूस मिशनसाठी किनाऱ्यापलीकडे का गेला नाही? कारण घर तयार नव्हते. हे त्या तरुणांनाही कळले होते. सगळ्याचा मूळ पुरुष मिल्स आशियात कधी गेलाच नाही; तो मागे राहून संस्था, सभा, वर्गणी यांचे जाळे विणत राहिला आणि १८१८ मध्ये आफ्रिकेची पाहणी करून परतताना समुद्रावर वारला. राइस हिंदुस्थानात पोचल्यावर जडसनप्रमाणे बाप्टिस्ट पंथात गेला. आता त्या दोघांना पोसणारे मंडळच अमेरिकेत नव्हते. मग १८१३ मध्ये राइस परत फिरला आणि १८१४ मध्ये फिलाडेल्फियात बाप्टिस्टांची देशव्यापी मिशन संघटना उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता. आशियात तो पुन्हा गेला नाही, आणि जडसन ब्रह्मदेशात टिकला. हॅरिएट न्यूएलला तर कुठल्याच देशात काम करायला मिळाले नाही. कलकत्त्याहून हाकलल्यावर मॉरिशसला जाताना जहाजावर तिचे तान्हे मूल गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये ती गेली, वय एकोणीस. तिची रोजनिशी आणि पत्रे १८१४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि पुन्हा पुन्हा छापली गेली. तिच्या मृत्यूने न्यू इंग्लंडच्या मुलींना जे सांगितले, ते तिच्या जगण्याने इतक्या लवकर सांगता आले नसते. हे वाक्य लिहायला बरे वाटत नाही, पण प्रकाशकांना ते तेव्हाच कळले होते. इकडे मुंबईत हॉल आणि न्यूएल यांनी मराठी शिकून शाळा चालवता चालवता एक पुस्तक लिहिले. ते मुंबईकरांसाठी नव्हते. १८१८ मध्ये अँडोव्हरला छापलेल्या त्या इंग्रजी पुस्तकात जगातल्या साठ कोटी लोकांसाठी किती पाद्री लागतील याचा हिशेब मांडून, अमेरिकन चर्चना ते पाठवायला सांगितले होते. वीस हजारांमागे एक धरला तरी तीस हजार. समुद्रापलीकडे पोचलेला माणूससुद्धा घराची तयारी करून घेण्यातून सुटला नव्हता.

एवढ्या काटेकोर तयारीत एक भगदाड होते, आणि ते तिच्या स्वभावातूनच पडले होते. सगळी मांडणी ‘पुन्हा भेट नाही’ या गृहीतावर झाली होती. शोक आगाऊ झालेला, वर्गणी जाण्यासाठी दिलेली, सोहळा निरोपाचा. परत येणाऱ्याचे काय, याचा विचार कुणी केलाच नाही. नॉट आजारपणामुळे दोन-तीन वर्षांतच मुंबई सोडून परतला. १८६९ पर्यंत तो अमेरिकेत जगला, पाद्री म्हणून काम करत राहिला, पण मिशनच्या कथेत त्याला पहिल्या पानावरच उतरवून टाकतात. हॉलने १८२५ मध्ये पत्नी मार्गारेटला दोन मुलांसह अमेरिकेला पाठवले, कारण मुले इथल्या हवेत जगतील असे वाटेना. त्यातला एक मुलगा वाटेतच समुद्रावर गेला आणि हॉल स्वतः आठ महिन्यांनी. पुढच्या पिढीत हा प्रश्न नित्याचा झाला. मुंबईतले रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये परतीच्या वाटेवर समुद्रात वारले आणि मुले आईबरोबर अमेरिकेला गेली. त्यातला रॉबर्ट अॅलन मुंबईत जन्मलेला. तो शिकून १८७४ मध्ये अहमदनगरला आला, तेव्हा त्याच्यापुरते तरी हे घर सोडणे नसून घरी येणे होते. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरारसारख्या अविवाहित बाईला निदान मुलांचा हा प्रश्न नव्हता. अमेरिकन बोर्डाने हिंदुस्थानात पाठवलेली ती पहिली अविवाहित स्त्री. मुंबई आणि अहमदनगरच्या मुलींच्या शाळांत तिने आयुष्य घालवले आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच तिचा अंत झाला. ज्या मंडळाच्या देणगीदारांनी पाच तरुणांना पाठवायला तीन आठवड्यांत सहा हजार डॉलर उभे केले, त्या वर्तुळात मिशनऱ्यांच्या अमेरिकेत ठेवलेल्या मुलांसाठी बॉस्टनजवळ ऑबर्नडेलला एक घर निघाले ते १८६८ मध्ये, आणि तेही तुर्कस्तानात नवरा गमावून परतलेल्या एका मिशनरीच्या विधवेने काढले.